व्यंकटराव आणि तीस कोरडे तरवड

व्यंकटराव सोनकांबळे यांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं, लोकांना पाणी सोडलं. एकतीस वर्षं ते उमरीच्या नळयोजनेवर वॉलमन होते. वॉलमन म्हणजे रस्त्याखालच्या पाइपाचा वॉल कमरेइतक्या उंच लोखंडी चावीने फिरवून या गल्लीचं पाणी बंद करणारा आणि त्या गल्लीचं चालू करणारा माणूस. कागदावर त्याचा दर्जा शिपायाच्या जवळपास. पण ज्या वर्षी नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्या वर्षी त्याला आमदारापेक्षा जास्त मान असतो आणि आमदारापेक्षा जास्त शिव्याही पडतात. व्यंकटरावांनी दोन्ही गोष्टी मान खाली घालून घेतल्या, त्यामुळे लोकांना ते अगदीच गरीब वाटत. गरीब ते होते, पण बावळट नव्हते.

त्यांना एक खोड मात्र होती. पाइपाच्या टोकाला जी घरं असतात, तिथवर पोचेपर्यंत पाण्यातला जोर संपलेला असतो. व्यंकटराव वेळ भरल्यावरही दहा मिनिटं वॉल उघडा ठेवत आणि टोकाच्या घरातली बाई भरली घागर घेऊन आत गेलेली दिसली की मगच चावी फिरवत. यावरून साहेबांनी त्यांना दोनदा तोंडी आणि एकदा लेखी विचारलं. व्यंकटरावांचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला, म्हणून हा आपल्या घराची सोय बघतो असंही काही लोक बोलून गेले. खरं तर ती दहा मिनिटं गावातल्या सगळ्याच गल्ल्यांना मिळत होती, ज्या गल्लीत त्यांच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं तिलाही. "तान्हेल्याला काय घड्याळ दावायचं व्हय?" एवढंच ते म्हणत.

असा हा माणूस निवृत्त झाला, आणि निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी त्याच्या गळ्यात असं काम पडलं, की ज्यात पाणी द्यायचं नाही हेच मुख्य काम होतं. काम सांगणारं दुसरं कुणी असतं तर त्यांनी हात जोडले असते. पण सांगणारी होती धाकटी लेक, लुंबिनी.

लुंबिनी नांदेडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रबंधासाठी झाड निवडा म्हटल्यावर वर्गातल्या मुलींनी ऐटबाज नावांची झाडं निवडली आणि हिने निवडला तरवड. माळावर, बांधावर, रुळांच्या कडेला कुणी न लावता उगवणारं ते कमरेएवढं झुडूप, पिवळ्याधमक फुलांचं. शेळी त्याला तोंड लावत नाही. पावसाने दडी मारली तरी ते फुलायचं राहत नाही. नवरात्रात शेजारच्या गुणाबाई घटाच्या माळेसाठी टोपलीभर फुलं तोडून आणतात आणि धर्माबादपलीकडची तेलुगू बोलणारी पाहुणेमंडळी त्याला तंगेडू म्हणतात. बाकी वर्षभर कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

"हे फुकटचं झाड शिकायला तू नांदेडला गेलीस?" कोंडाबाईंनी लेकीला विचारलं. कोंडाबाई म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी. अंगणवाडीत मदतनीस, आणि घरात मुख्याध्यापक.

"फुकटचं हाय मनूनच, माय. पाण्याबिगर हे किती दिस दम धरतंय, ते मला मोजायचंय."

मोजायचं तर रोपं हवीत, आणि हॉस्टेलात चप्पल ठेवायला जागा नव्हती. तेव्हा उमरीच्या घराची गच्ची कामाला लागली. तरवडाचं बी दगडासारखं टणक. उकळी आलेलं पाणी खाली उतरवून त्यात ते टाकायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी जे फुगलेलं दिसेल तेवढंच पेरायचं. मूळ सरळ खाली जातं, म्हणून कोंडाबाईंनी खताच्या रिकाम्या गोण्या कापून गुडघ्याएवढ्या उंच पिशव्या शिवल्या. व्यंकटरावांनी मुरूम आणि माती मिसळून भरली, वर मूठभर शेणखत टाकलं. इथवर सगळं ठीक झालं. मग त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या मायेने नऊ रोपं कुजली.

"बाबा, ही काय केळी हायत का?" लुंबिनी म्हणाली. "वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच द्यायचं. चार-पाच दिसातून एकदा."

ते व्यंकटरावांनी ऐकलं. त्यांना जड गेलं, पण ऐकलं. जानेवारीपर्यंत साठ रोपं वीतभर उंच होऊन गच्चीवर उभी राहिली. लुंबिनीने तीस पिशव्यांवर निळ्या रंगाने आकडे घातले. त्यांना पाणी सुरू राहणार होतं. उरलेल्या तीस पिशव्यांवर लाल आकडे घातले. त्यांना दहा जानेवारीला शेवटचं पाणी, आणि तिथून बेचाळीस दिवस एक थेंबही नाही. लाल पिशव्या चार ओळींत मांडल्या, आठ, आठ, सात आणि सात. दर शनिवारी ती सकाळच्या गाडीने येणार, पानं मोजणार, वहीत लिहिणार. मधले दिवस व्यंकटरावांनी निळ्यांना पाणी द्यायचं आणि लाल पिशव्यांना हात लावायचा नाही.

"ध्यानात ऱ्हाईल ना, बाबा? यावर माझं वर्ष हाय."

"एकतीस वरसं हेच केलंय ना मी. याला द्यायचं, त्याला बंद. त्यात काय एवढं!" व्यंकटराव म्हणाले, आणि ते त्यांना स्वतःलाही खरं वाटलं.

पहिला शनिवार छान गेला. नंतर लुंबिनीची परीक्षा सुरू झाली. चार फेब्रुवारीला शेवटचा पेपर, तोवर तिचं येणं बंद. संध्याकाळी पाच मिनिटं फोन, तेवढाच.

नेमकं त्याच दिवसांत लाल पिशव्यांनी माना टाकल्या. आधी पानं मिटली, मग पिवळी पडली, मग गळायला लागली. सगळ्यात वाईट हाल शेवटच्या ओळीचे, चोवीस ते तीस नंबरचे. ती ओळ पश्चिमेच्या कठड्याला लागून होती आणि दिवस मावळेपर्यंत तिच्यावर ऊन रेंगाळत असे. पहिल्या ओळीत अजून हिरवं काही दिसत होतं आणि शेवटच्या ओळीत नुसत्या काड्या. व्यंकटराव निळ्या पिशव्यांना पाणी देताना तिकडे पाठ करून उभे राहत. पाठ केली तरी मनातून जात नव्हतं. जेवताना घास फिरायचा. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की त्या सात काड्या डोळ्यांपुढे यायच्या.

सव्वीस जानेवारीला विहारासमोर झेंडा झाला, संविधानाची उद्देशिका वाचली. दर्जाची आणि संधीची समानता हे शब्द व्यंकटराव दरवर्षी मोठ्याने म्हणत. त्या वर्षी ते शब्द म्हणताना त्यांना गच्ची आठवली, याला काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता ते स्टीलचा पेला घेऊन वर गेले आणि शेवटच्या ओळीतल्या सातही पिशव्यांना एकेक पेला पाणी घालून आले. मातीने पाणी पिताना जो आवाज केला, तो ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं, की तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी रोज तेच केलं. मग मात्र भानावर येऊन थांबले.

पाचेक दिवसांनी त्या सात काड्यांच्या पेरापेरावर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे कोंब आले. व्यंकटरावांना राहवेना. त्यांनी कोंडाबाईंना हाताला धरून वर नेलं आणि पोराची पहिली पावलं दाखवावीत तसे ते कोंब दाखवले.

कोंडाबाईंनी कोंब बघितले, पिशवीवरचा लाल आकडा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, काय करून बसलात! पोरीनं सांगितलं होतं ना, लाल पिशवीला पानी न्हाई मनून!"

"मरून राहिली होती ती."

"मरू द्यायची होती! किती दिसानं मरतेत तेच मोजायचं होतं तिला!"

आता कुठे व्यंकटरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर त्यांना वाटत होतं, आपण फार तर लेकीचा शब्द मोडला. तिचं माप आपण बिघडवलं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पाणी न देता तरवड किती दिवस तगतो हे ती लिहिणार, आणि त्या तगण्याच्या पोटात बापाने चोरून घातलेलं पाणी असणार. तिच्या कॉलेजातल्या मॅडमना कळलं तर प्रबंध नापास. म्हणजे लेकीचं वर्ष पाण्यात. ते मटकन खाली बसले.

संध्याकाळी फोन आला. "झाडं कशी हायत, बाबा?"

"बरी हायत," व्यंकटराव म्हणाले. खोटं नव्हतं. सात तर जरा जास्तच बरी होती. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

भीती वाटली की शहाण्या माणसाच्याही डोक्यात नको ते येतं. व्यंकटरावांच्या डोक्यात आधी आलं, की नखाने हे कोंब खुडून टाकावेत, म्हणजे काडी परत काडी दिसेल. एक कोंब त्यांनी खुडलाही. तो बोटावर ओला लागला आणि त्यांचा हातच पुढे जाईना. मग त्याहून थोर विचार आला. उरलेल्या तेवीस लाल पिशव्यांनाही पाणी दिलं, तर सगळ्या सारख्याच होतील आणि कुणाला फरक दिसणार नाही! बादली भरून ते जिन्यापर्यंत गेले होते. कोंडाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"साताचा घोळ घातला तेवढा पुरे. आता तिसाचा घालता काय!"

"मग करू काय मी?"

"पोरीला सांगा जाऊन. लपवलं तर तिला भोवंल, सांगितलं तर तुमाला. एवढंच हाय."

फोनवर सांगावं, तर तिचा शेवटचा पेपर बाकी. त्याआधी सांगून तोही घालवायचा? म्हणून चार तारखेला व्यंकटराव स्वतःच सकाळच्या गाडीने निघाले. पुरावा म्हणून सत्तावीस नंबरची पिशवी पोत्यात उभी करून मांडीवर घेतली. मॅडम किती पाणी दिलं असं विचारतील, म्हणून तो स्टीलचा पेलाही टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतला. गाडीत एका माणसाने विचारलं, "काय झाड हाय, पाहुणे?" "तरवड," व्यंकटराव म्हणाले. "तरवड कोन नेतंय नांदेडला!" असं म्हणून तो माणूस हसला. एरवी व्यंकटरावही हसले असते.

कॉलेजच्या फाटकासमोर ते दहालाच पोचले. पेपर एकला सुटणार होता. समोरच्या हॉटेलवाल्याने दोनदा चहा विचारला, त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. पिशवी दोन पायांत धरून ते तीन तास बाकावर बसून राहिले. एकतीस वर्षांत लेखी खुलासा मागितला होता तेव्हाही ते असे घाबरले नव्हते. तेव्हा फार तर पगारवाढ अडकली असती. आता लेकीचं वर्ष अडकलं होतं.

लुंबिनी बाहेर आली, बापाला बघून जागीच थांबली आणि धावत आली. "बाबा? माय बरी हाय ना?"

"माय बरी हाय. समदे बरे हायत. मीच घान केली," असं म्हणून व्यंकटरावांनी पोतं खाली केलं. काडीवर आता गव्हाएवढी पानं होती.

लुंबिनीने पानं बघितली आणि लाल आकडा बघितला. तिला काही सांगावं लागलं नाही. ती तिथेच बाकावर बसली. पिशवी जवळ ओढून घेत ती म्हणाली,

"तुमाला एकच काम सांगितलं होतं, बाबा. काही करायचं न्हाई, एवढंच. तेवढंबी झालं न्हाई तुमच्यानं?"

ते मान खाली घालून उभे राहिले. या खेपेला मान आपोआप खाली गेली होती.

"किती पिशव्यांना?"

"सात. शेवटच्या वळीला. बाकीच्याला हात लावला न्हाई, तुज्या मायची शपथ."

लुंबिनीने डोळे पुसले, उठली आणि म्हणाली, "चला." कुठे, हे विचारायची व्यंकटरावांची हिंमत झाली नाही.

मार्गदर्शक म्हणून लुंबिनीला ज्या लाभल्या होत्या त्या तनुजा मॅडम वयाने चाळिशीच्या आणि मुलींमध्ये कडक म्हणून प्रसिद्ध. प्रयोगशाळेत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत व्यंकटरावांना विचारलं, "कोणत्या तारखेला दिलं?"

"सत्तावीस, अठ्ठावीस आन एकोणतीस जानेवारी. सकाळी साडेसाला. चोवीस नंबरपासून तीसपर्यंत. एकेका पिशवीला एकेक पेला. तिसाव्याला पहिल्या दिशी अर्धाच, पेला कलंडला होता. नंतर बंद."

"लिहून ठेवलं होतं?"

"न्हाई जी. पन कोनत्या गल्लीला किती वाजता, किती येळ पानी सोडलं, ते इसरायची सवयच न्हाई मला."

"पेला केवढा?"

व्यंकटरावांनी टॉवेल उलगडून पेला टेबलावर ठेवला. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी पेला नळाखाली काठोकाठ भरला, काचेच्या मापात ओतला आणि वाचलं, दोनशे दहा मिलिलिटर. आकडा वहीत लिहिला. व्यंकटराव ते लिहिणं असं बघत होते, जणू त्यांच्या शिक्षेचाच आकडा होता तो.

"हे बघा काका," मॅडम म्हणाल्या, "या सात पिशव्या कोरड्यांच्या मोजणीतून बाहेर. उरल्या तेवीस, तेवढ्यांत काम भागतं. आणि या सातांचा वेगळा गट करू. सतराव्या दिवसानंतर पाणी मिळालं तर तरवड किती दिवसांत पालवतो, हे आपोआप कळलं आपल्याला. तुम्ही तारीख, नंबर आणि माप नेमकं सांगितलंत म्हणून हे जमतंय. पण जे झालं ते प्रबंधात जसंच्या तसं लिहायचं, लुंबिनी. लपवायचं नाही. घरच्या माणसाने चुकून पाणी दिलं, असं."

"म्हंजे वरीस गेलं न्हाई तिचं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"नाही गेलं. कोंब खुडले असते किंवा सगळ्यांना पाणी दिलं असतं, तर गेलं असतं."

व्यंकटरावांना एकदम घाम फुटला. खुडलेला एक कोंब आणि जिन्यातली बादली या दोन्ही गोष्टी त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकल्या. आता एकही गोष्ट पोटात ठेवायची त्यांची तयारी नव्हती. लुंबिनी रडतारडता हसली. छातीवरचा धोंडा उतरला असं लोक म्हणतात, ते काय असतं हे व्यंकटरावांना त्या प्रयोगशाळेत कळलं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले.

"एक इनंती हाय, मॅडम," ते बसल्या बसल्या म्हणाले. "चुकून दिलं असं नका लिहू. मनानं दिलं असं लिहा. चुकून न्हवतं ते."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. "पण ती मरत नव्हती, काका. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून तरवड पानंच टाकून देतो. उरलेला ओलावा खोडाला आणि मुळाला पुरवून वापरतो. काडी दिसते, पण आत तो जिवंत असतो." त्यांनी सत्तावीस नंबरची साल नखाने इवलीशी खरवडली. आतून पोपटी रंग दिसला. "हे हिरवं दिसलं की समजायचं, जीव आहे."

व्यंकटराव विचारात पडले. टंचाईच्या वर्षी टाकीत हातभर पाणी उरलं, की त्यांनी स्वतः आधी बगिच्याचा वॉल बंद केला होता, मग बाजाराचा, आणि पिण्याचं तेवढं चालू ठेवलं होतं. म्हणजे हे झुडूप तेच करत होतं, आणि आपण मधेच जाऊन लुडबूड केली! त्यांना लाज वाटली आणि झाडाबद्दल जरा आदरही.

"उरलेले सतरा दिवस त्या तेवीस पिशव्या इकडे आणून ठेवूया का?" मॅडमनी विचारलं. प्रश्न लुंबिनीला होता, पण रोख कुणाकडे होता ते व्यंकटरावांनाही कळलं. ते नको म्हणणार नव्हते. उलट त्यांना सुटल्यासारखं झालं असतं.

लुंबिनीने बापाकडे बघितलं. "नको, मॅडम. आता हलवल्या तर मुळं दुखावतील. बाबांकडंच ऱ्हाऊ द्या."

बाहेर आल्यावर व्यंकटराव म्हणाले, "बाई, माज्यावर नको ठिवू हे. माजा भरोसा मलाच न्हाई."

"मला हाय," लुंबिनी म्हणाली. "तुमी आज येऊन सांगितलं ना."

पुढचे दिवस व्यंकटरावांनी कसे काढले ते कोंडाबाईंना विचारावं. माणूस दिवसातून चारदा गच्चीवर जाई, हात पाठीमागे बांधून ओळींमधून फिरे आणि वहीत तारीख टाकून लिही, "आज काही दिलं नाही." तेवीसही पिशव्यांत आता नुसत्या काड्या होत्या. साल खरवडून बघायला हात शिवशिवत, पण लुंबिनीने मनाई केली होती, साल दुखावली की ओलावा जातो. म्हणजे बघायचंही नाही आणि द्यायचंही नाही. आत हिरवं आहे असं नुसतं मानायचं. व्यंकटरावांसारख्या माणसाला हे उपासापेक्षा कठीण.

आणि आठव्या दिवशी, भर दुपारी, आभाळ भरून आलं. फेब्रुवारीत अवकाळी येतो, हे कुणी विसरलं नव्हतं, पण तो नेमका त्या दुपारी, त्या गच्चीवर यावा? वारा सुटला तसे व्यंकटराव जेवत्या ताटावरून उठले. आयुष्यभर ज्याच्यासाठी आभाळाकडे बघितलं, तेच आता वरून येत होतं आणि त्यांच्या जिवाचा थरकाप होत होता. ताडपत्री पिशव्यांवर ओढली तर वाऱ्याने एक टोक उडालं. कोंडाबाई वर आल्या आणि त्या टोकावर सरळ बसल्या. दुसरी बाजू व्यंकटरावांनी अंगाखाली दाबून धरली. थेंब टपोरे होते, त्यात बारीक गारा. अर्धा तास दोघंही भिजत ताडपत्री दाबून राहिली. शेजारच्या गच्चीवरून गुणाबाई वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करता करता ओरडल्या, "अवो वॉलमन, सोता भिजून कशाला झाकून राहिलेत? तरवड हाय ना त्यो! पानी लागू द्या की त्याला!"

"न्हाई लागू द्यायचं!" व्यंकटराव तेवढ्याच जोरात ओरडले. हे शब्द त्यांच्या तोंडून गुणाबाईंनी आयुष्यात ऐकले नव्हते. त्या मिरच्या घेऊन मुकाट्याने खाली गेल्या.

पाऊस थांबल्यावर त्यांनी एकेका पिशवीत बोट घालून बघितलं. तेवीसही कोरड्या. अंगावरून पाणी निथळत होतं, दाढेवर दाढ आपटत होती, आणि तरीही त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की ते कोंडाबाईंना म्हणाले, "लुंबिनीचे माय, एक थेंब गेला न्हाई बग!" कोंडाबाईंनी त्यांचं डोकं पदराने पुसलं आणि गूळ-सुंठीचा काढा करायला खाली गेल्या.

एकवीस फेब्रुवारीला, शनिवारी, लुंबिनी सकाळच्या गाडीने आली. चहाही न घेता गच्चीवर गेली, पाठोपाठ आईबाप. एक नंबरच्या पिशवीपाशी ती उकिडवी बसली आणि तिने खोडाची साल नखाने खरवडली.

"हिरवं," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. दोन नंबर, हिरवं. तीन, हिरवं. चार नंबरवर ती थांबली, खालून परत खरवडलं. "हे गेलं, बाबा." व्यंकटरावांनी वाकून ती काडी बघितली. पाच, हिरवं. सहा, सात, आठ, हिरवं. पुढची ओळ सगळी हिरवी. तिसऱ्या ओळीत एकोणीस नंबर गेलेला निघाला. तेविसावी पिशवी बघून लुंबिनीने पेन बंद केलं.

"तेविसातले एकवीस जिवंत. बेचाळीस दिस, थेंबभर पाणी न देता." तिने वही मिटली आणि बापाकडे बघितलं. ती आल्यापासून पहिल्यांदा नीट हसली. "झालं, बाबा. सगळं नीट झालं."

मग तिने पिशवीतून कॉलेजचं प्लास्टिकचं माप काढलं, बादलीत बुडवून रेघेपर्यंत भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"द्या आता."

व्यंकटराव पहिल्या पिशवीपाशी गुडघे टेकून बसले. एकतीस वर्षं हजारो घरांना पाणी सोडणाऱ्या त्या हाताने घाईघाईत निम्मं पाणी धोतरावरच सांडलं. लुंबिनी हसली नाही. तिने माप त्यांच्या हातातून घेतलं आणि परत भरून दिलं.